हरिकेन उतरवण्याआधी

पाटण तालुक्यात कोयनेच्या काठाकाठानं फिरलं, तर एखाद्या गोठ्याशेजारच्या शेडमध्ये महिंद्राची जुनी सीजे-३बी जीप अजून उभी दिसते. उंच बॉनेट ही तिची खूण. विलीज कंपनीनं १९५३ साली अमेरिकेत ही गाडी काढली ती नव्या हरिकेन इंजिनासाठी. या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे ते आधीच्या इंजिनापेक्षा उंच झालं आणि बॉनेटलाही वर सरकावं लागलं. अमेरिकेत ही गाडी १९६८ साली बंद झाली. महिंद्रानं मात्र ती परवान्यावर पुढं कित्येक वर्षं बनवली. सरकारी खात्यांनी वापरून लिलावात काढलेल्या जीपा शेतकऱ्यांनी, ठेकेदारांनी घेतल्या, आणि त्यांतल्या कितीतरी गाड्यांचं पेट्रोल इंजिन पुढं कधीतरी उतरून तिथं डिझेल चढलं.

ते करावं की करू नये, यावरचा वाद मी गॅरेजच्या बाकड्यांवर बसून वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. त्यातले मुद्दे इथे एका काकांच्या आणि त्यांच्या पुतणीच्या तोंडी घातले आहेत. माणसं कल्पनेतली आहेत, मुद्दे नाहीत. काका ऊस आणि भात करतात, जीप त्यांच्या थोरल्या भावाची, म्हणजे पुतणीच्या वडिलांची. पुतणी यंत्र अभियंता, नोकरीला चाकणला. इंजिन बदलायला विरोध करते ती तरुण मुलगी आणि बदलायचा आग्रह धरतात ते वयस्कर काका, याचं नवल वाटायला नको. गाडी रोज वापरणाऱ्याला ती चालायला हवी असते.

काका : तू आलीस ते बरं झालं. कराडच्या मिस्त्रीला पुढच्या आठवड्यात बोलावलंय. हरिकेन उतरवायचं आणि डिझेल बसवायचं. धूर मारतंय, ऑइल खातंय, एव्हरेज आठाच्या वर जात नाही.

पुतणी : धूर कसल्या रंगाचा, काका?

काका : निळा. सकाळी चालू केली की अख्खं अंगण भरतं. गरम झाली की कमी होतो.

पुतणी : घाट चढताना?

काका : तेव्हा फारसा दिसत नाही. पण आता रंग बघून काय करायचंय? पन्नास-साठ वर्षांचं इंजिन आहे ते.

पुतणी : त्याकडे येऊ आपण. आधी मला सांगा, डिझेल कशासाठी हवंय?

काका : कशासाठी म्हणजे? पैसे वाचतात, ओढ वाढते, पावसात दगा देत नाही. तुझ्या वडिलांच्या बरोबरीच्या सगळ्यांनी १९९० नंतर इंजिनं बदलून घेतली. आपलीच तेवढी राहिली, कारण दादांना हरिकेनचा आवाज आवडायचा.

पुतणी : त्या लोकांचं तेव्हा बरोबरच होतं. त्या काळी डिझेल पेट्रोलच्या जवळजवळ निम्म्या भावात मिळायचं. दर सरकार ठरवायचं. पण जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर बाजारावर सोडले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचेही. आज पेट्रोल शंभराच्या वर आहे आणि डिझेल नव्वदच्या वर. लिटरमागे बारा-पंधरा रुपयांचा फरक उरलाय. तुमची जीप वर्षाला किती चालते?

काका : पूर्वी चालायची तेवढी नाही आता. माल न्यायला पिकअप आहे. धर, तीन हजार किलोमीटर.

पुतणी : लिटरला ८ किलोमीटर धरलं तर ३७५ लिटर पेट्रोल लागतं. १०४ रुपयांनी ३९,००० झाले. डिझेल १२ चं एव्हरेज देईल असं धरू. मग २५० लिटर, ९१ रुपयांनी २२,७५०. वर्षाला वाचले सोळा हजार. मिस्त्रीनं किती सांगितलेत?

काका : इंजिन, गिअरबॉक्स, मजुरी धरून दोन लाखांच्या आसपास. वर काय निघेल ते वेगळं.

पुतणी : म्हणजे नुसते पैसे फिटायलाच बारा वर्षं. आणि जुनं इंजिन घ्यायचं म्हटल्यावर वर काही ना काही निघतंच.

हा हिशोब प्रत्येकानं आपापल्या किलोमीटरवर करून पाहावा. महिन्याला दोन हजार किलोमीटर भाड्यानं धावणाऱ्या जीपचं उत्तर वेगळं येतं. लष्कराच्या लिलावात मिळणाऱ्या जोंगाचं तर फारच वेगळं. जबलपूरच्या कारखान्यात निसानच्या परवान्यावर बनलेल्या त्या गाडीला सहा सिलिंडरचं, जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन असतं आणि त्याची तहान साध्या माणसाच्या खिशाला झेपत नाही. त्यात कुणी हिनोचं डिझेल बसवलं, तर मी त्याला नावं ठेवणार नाही. काकांची जीप तशी नाही.

काका : पैशाचं सोड. ओढीचं बोल. खताच्या पोत्यांची ट्रॉली लावून वरच्या वाडीला जायचं म्हणजे डिझेलच पाहिजे.

पुतणी : मिस्त्री कुठलं इंजिन बसवणार?

काका : दोन सांगितलीत. एक महिंद्राच्या एमएम-५४० जीपमधलं पेजो, नाहीतर डीआय, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनचं.

पुतणी : पेजोचं घेऊ. एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी. पेजोच्या परवान्यावर महिंद्रा ते इगतपुरीला बनवायची. त्याचा जास्तीत जास्त टॉर्क १२ किलोग्रॅम-मीटरच्या थोडा वर आहे. हरिकेन २२०० सीसीचं, आणि त्याचा टॉर्क १५.८ च्या आसपास. दोघांचाही २००० आरपीएमला.

काका : म्हणजे पेट्रोल जास्त ओढतं म्हणतेस?

पुतणी : कागदावर तरी हो. आकडे चांगल्या हालतीतल्या इंजिनांचे आहेत. तुम्ही थकलेल्या हरिकेनची तुलना नुकत्याच बांधलेल्या डिझेलशी करताय. नवं बांधलेलं काहीही जुन्यापुढं ताकदवानच वाटणार.

काका : तू आकडे बघतेस, मी पाय बघतो. पेजोची जीप मी चालवलीय. लो गिअरमध्ये टाकली, क्लच सोडला आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तरी दगडांवरून आपली आपण चढत जाते. बंद पडत नाही. हरिकेनला रेस धरून ठेवावी लागते, पाय थरथरला की गाडी हिसका देते. चिखलात हिसका बसला की चाक फिरलं, आणि चाक फिरलं की गाडी रुतली.

पुतणी : हे मात्र खरं आहे. डिझेल पंपात गव्हर्नर असतो. लोड आला आणि आरपीएम पडायला लागले की तो आपणहून डिझेल वाढवतो. कार्बोरेटरला ते कळत नाही. तिथं तुमच्या पायालाच गव्हर्नर व्हावं लागतं.

काका : मग?

पुतणी : मग उतारावर काय? पेट्रोलचा ॲक्सिलरेटर सोडला की थ्रॉटलची झडप मिटते, इंजिन हवेसाठी ओढ घेतं आणि गाडी धरून ठेवतं. डिझेलला ती झडप नसते. आत घेतलेली हवा दाबायला जी ताकद लागते, ती पिस्टन खाली जाताना बरीचशी परत मिळते. म्हणून तर ट्रकना वेगळा एक्झॉस्ट ब्रेक लावतात. कुंभार्ली घाट भरल्या ट्रॉलीनं उतरताना हा फरक जाणवेल. आपल्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि बूस्टर नाही.

काका : बूस्टर बसवता येतो.

पुतणी : येतो. पण तो इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो, आणि डिझेलला तो व्हॅक्यूम नसतो. मग मागं व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर हवा. बघा, एक बदललं की दुसरं बदलावं लागतं.

पुतणी जे शेवटचं बोलली, त्यावर थोडं थांबायला हवं. इंजिन बदलायचं ठरवणारा माणूस बहुतेक वेळा फक्त इंजिनाची किंमत विचारतो. पण जीप ही एका इंजिनाच्या वजनावर, त्याच्या आरपीएमवर आणि त्याच्या थरथरीवर बेतलेली असते. हरिकेनमध्ये मिश्रण साधारण सातास एक दाबलं जातं. पेजोसारख्या इनडायरेक्ट इंजेक्शनच्या डिझेलमध्ये हवा विसास एकपेक्षाही जास्त दाबली जाते. तेवढा दाब झेलायचा म्हणजे ब्लॉक, क्रँक, कनेक्टिंग रॉड सगळं जाड करावं लागतं आणि वजन वाढतं. ते पुढच्या पाट्यांवर येतं, स्टिअरिंग जड होतं. दणके इंजिन माउंटिंगमधून चेसिसला, तिथून बॉडीला आणि शेवटी काचेच्या फ्रेमला पोचतात. फ्रेमच्या कोपऱ्यात वेल्डिंगची जोडणी उकललेली जीप दिसली, की मी आधी बॉनेट उघडून बघतो.

काका : आमचा मिस्त्री तसला नाही. त्यानं पन्नासेक जीपा केल्यात.

पुतणी : बेल हाउसिंगचं काय करतो तो?

काका : लेथवर प्लेट बनवून घेतो. जुनाच गिअरबॉक्स, मध्ये प्लेट, मग नवं इंजिन. एका दिवसात बसतं.

पुतणी : आणि सेंटर कसं काढतो?

काका : नजरेनं. हात बसलाय त्याचा.

पुतणी : काका, इथंच गाड्या मरतात. क्रँकच्या टोकाला एक छोटं बेअरिंग असतं, स्पिगॉट बेअरिंग. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक त्यात बसतं. क्रँकचं सेंटर आणि शाफ्टचं सेंटर एका रेषेत नसलं, तर प्रत्येक फेऱ्याला तो शाफ्ट वाकवला जातो. डोळ्याला दिसत नाही. क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर टाकताना खर्र होतं, उतारावर टॉप गिअर आपोआप निसटतो. मग लोक गिअरबॉक्स खोलतात, त्यात काही सापडत नाही, पुन्हा बांधतात.

काका : मग कसं बघायचं ते?

पुतणी : फ्लायव्हीलवर डायल गेज लावायचा. त्याची सुई बेल हाउसिंगच्या मधल्या भोकाच्या कडेला टेकवायची, आणि सगळे स्पार्क प्लग किंवा हीटर काढून क्रँक हातानं सावकाश पूर्ण फिरवायचा. सुई पूर्ण फेऱ्यात एक दशांश मिलिमीटरच्या आसपास हलली तर चालेल. अर्धा मिलिमीटर हलली तर प्लेट परत लेथवर. पाव तासाचं काम आहे. तेवढं न केल्यामुळे पुढं सगळं खोलण्याची वेळ येते.

काका : त्याच्याकडे डायल गेज असेल असं वाटत नाही.

पुतणी : म्हणून मी म्हणते, करायचंच असेल तर प्लेटच्या फंदात पडू नका. एमएम-५४० कंपनीनंच पेजोसाठी बांधली होती. तिचं इंजिन, बेल हाउसिंग, चार गिअरचा बॉक्स, माउंटिंग, रेडिएटर, सगळं एकाच भंगारात निघालेल्या गाडीतून घ्या. कारखान्यात जुळलेलं असतं ते.

काका : हे पटतंय. पण डीआय घेतलं तर? त्याचं सामान कुठल्याही ट्रॅक्टरवाल्याकडे मिळतं.

पुतणी : मिळतं, आणि ते दणकटही आहे. २५२३ सीसी, बोअर ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर. लांब स्ट्रोकचं इंजिन सावकाश फिरतं. आता डिफरन्शियलचा विचार करा. आपल्या जीपमध्ये क्राउन-पिनियन ४३ ला ८ आहे, म्हणजे ५.३८. ६.००-१६ चा टायर एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातो. हरिकेन ४००० पर्यंत फिरतं, म्हणजे टॉप गिअरला ताशी १००. डीआय ३००० वर धरा. ताशी ७५, आणि तेही पूर्ण रेसवर. कराडच्या हायवेला तुम्ही साठनं जाल आणि इंजिन ओरडत असेल.

काका : डिफरन्शियल बदलायचा. सगळे बदलतात. ४.२७ चा टाकला की पळते.

पुतणी : ताशी ९५ पर्यंत पळते, बरोबर. पण ५.३८ वरून ४.२७ वर आलात की चाकापर्यंत पोचणारी ओढ पाचव्या हिश्श्यानं कमी झाली. ओढीसाठी इंजिन बदललं आणि वेगासाठी ओढ घालवली. चार गिअरच्या बॉक्सनं पहिल्या गिअरमध्ये थोडी भरपाई होते, एवढंच. शिवाय दोन्ही ॲक्सल बदलायला हवेत. फक्त मागचा बदलला आणि पुढचा ५.३८ च ठेवला, तर फोर-व्हील टाकल्याबरोबर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरायला बघतील. चिखलात घसरून निभावेल. डांबरावर टाकलात तर ट्रान्स्फर केस नाहीतर शाफ्टचा क्रॉस तुटेल.

काका : अशा जीपा बघितल्यात मी. पुढचा शाफ्टच काढून ठेवतात.

पुतणी : म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह घालवून बसतात. मग जीप कशाला ठेवायची?

काकांकडे यावर उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. पुढच्या शाफ्टशिवाय फिरणाऱ्या जीपा पाहिल्या की मला मनापासून वाईट वाटतं. पण काकांची बाजू इथं संपत नाही. त्यांचे सगळ्यात वजनदार मुद्दे अजून यायचे आहेत, आणि ते आजच्या काळाचे आहेत.

काका : बरं, पावसाचं बघ. आपल्याकडे जून ते सप्टेंबर सगळं ओलं. ओढ्यातून गाडी घातली की हरिकेनच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पाणी जातं, पॉइंट ओले होतात, गाडी पाण्यातच उभी. दादा टोपी काढून फडक्यानं पुसत बसायचे. डिझेलला ना कॉइल, ना पॉइंट, ना प्लग. एकदा चालू झालं की चालू.

पुतणी : मान्य. जुन्या पद्धतीच्या पंपाचं डिझेल पाण्यात पेट्रोलपेक्षा भरवशाचं असतं. फक्त हवेच्या वाटेनं पाणी आत शिरू देऊ नका. दोन्ही इंजिनांना ते वाईटच, पण डिझेलमध्ये पिस्टनच्या वर जागा इतकी थोडी असते की जरा पाणी गेलं तरी ते दाबलं जात नाही आणि रॉड वाकतो.

काका : आणि पेट्रोलचं काय झालंय ते बघितलंस का? वीस टक्के इथेनॉल. आपल्याच उसाचं, कारखाना चालतो त्यावर, मी त्याला वाईट म्हणणार नाही. पण या गाडीला ते सोसत नाही. पंपाचा डायफ्रॅम दोनदा बदलला. रबरी पाइप फुगून मऊ पडला. महिनाभर उभी राहिली की चालूच होत नाही. कार्बोरेटर खोलला तर तळाशी पाणी.

पुतणी : काका, या मुद्द्यावर मी तुम्हाला खोडू शकत नाही. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. टाकी अर्धी ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी केली, तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर बसतो, आणि पंप नेमका तळातूनच उचलतो. शिवाय इथेनॉलमध्ये जळण कमी, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं. इंजिन तापतं, ओढ कमी वाटते. तुमच्या तक्रारींतल्या काही याच्याच असतील.

काका : आता कसं बोललीस.

पुतणी : पण उपाय आहेत. इथेनॉलला टिकणारे पाइप मिळतात. पंपाचा डायफ्रॅम त्याच जातीच्या रबराचा घ्यायचा. जेट एक नंबर मोठा लावून प्लगचा रंग बघायचा. आणि गाडी आठवड्यातून एकदा चालवायची. उभी ठेवायचीच असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवायची. सगळं मिळून दहा हजारांच्या आत होईल.

काका : आणि शिसं? पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं, त्यानं व्हॉल्व्ह टिकायचे म्हणतात.

पुतणी : शिसं २००० सालीच बंद झालं. त्यानंतर एवढी वर्षं चाललीय ना आपली गाडी? तरी इंजिन उघडलं तर एक्झॉस्टच्या सीट कडक धातूच्या आहेत का ते बघू, नसल्या तर बसवून घेऊ.

मी स्वतः इंजिन बदलण्याच्या विरोधात आहे, निदान अशा जीपच्या बाबतीत. पण इथेनॉलच्या मुद्द्यावर जुनी पेट्रोल गाडी बाळगणाऱ्यांना हसण्यावारी नेलेलं मला अजिबात आवडत नाही. त्यांचा त्रास खरा आहे, आणि पंपावर त्यांना दुसरा परवडणारा पर्यायही फारसा दिला जात नाही. डिझेलकडे वळायचं सगळ्यात प्रामाणिक कारण आज कुठलं असेल, तर ते हे.

पुतणी : आता कागदाचं बोलू. मिस्त्रीनं आरटीओचं काय सांगितलं?

काका : तो म्हणाला, कोण बघतंय? गावात तर फिरवायचीय.

पुतणी : आरसी बुकावर इंजिन नंबर आहे, इंधनाच्या रकान्यात पेट्रोल लिहिलंय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं ठरवलेल्या आणि नोंदीत असलेल्या तपशिलाशी न जुळणारा फेरफार गाडीत करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचा अर्थ आणखी कडक लावला. सीएनजी, बॅटरी यांच्या मान्यताप्राप्त किटला वाट ठेवलीय. पेट्रोल काढून जुनं डिझेल बसवायला परवानगी मिळणं फार कठीण. आणि परवानगीशिवाय केलं आणि उद्या घाटात अपघात झाला, तर विमा कंपनी आधी बॉनेट उघडायला लावेल. ट्रॉलीत माणसं बसलेली असतात, काका.

काका : हे मी मनावर घेतलं नव्हतं.

पुतणी : दुसरंही एक आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात ठेवलेली, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी त्यात नोंदवता येते. नोंदणीला २०,००० रुपये. आपली जीप त्यात बसते. हरिकेन उतरलं की बसणार नाही.

काका : आणि त्या नोंदणीवर मी खताची पोती आणू शकतो?

पुतणी : नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते.

काका : मग ती नोंदणी मला काय कामाची? गाडी झाकून ठेवायला दादांनी घेतली नव्हती. धरणाच्या कामावर राबलेली गाडी आहे ती, नंतर आपल्या शेतात राबली. तिला चकाचक करून वर्षातून एकदा पुण्याला न्यायची आणि लोकांनी फोटो काढायचे, हे मला नको.

पुतणी : मलाही नको. मी साध्या आरसीचं नूतनीकरण करून चालवायलाच सांगतेय. फक्त पुढं कुणाला तसं करायचं झालं, तर वाट बंद होऊ नये एवढंच. आज पेट्रोलचं मूळ इंजिन असलेल्या सीजे-३बी कमी आणि डिझेल झालेल्या जास्त दिसतात. पूर्वी इंजिन बदललं म्हणून जीप भंगारात गेली नाही, हे खरंय. ज्यांनी बदललं त्यांनी गाड्या वाचवल्या. आज उरलेल्या थोड्यांतलंही काढून टाकलं, तर तसली जीप कशी चालायची हे दाखवायला काही राहणार नाही.

काका : आणि धूर? तो राहिलाच.

पुतणी : धुराबद्दल मी आल्याबरोबर विचारलं ते याचसाठी. सकाळी चालू करताना निळा, गरम झाल्यावर कमी, घाटात दिसत नाही. रिंगा गेल्या असत्या तर चढावर, लोडवर धूर वाढला असता. हरिकेनमध्ये इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात. त्यांचे गाइड झिजले की रात्रभर वरचं ऑइल झिरपत सिलिंडरमध्ये उतरतं, आणि सकाळी ते जळतं. माझा अंदाज बरोबर असेल, तर नुसतं हेड काढून गाइड बदलायचे. इंजिन खाली उतरवायचंही नाही.

काका : अंदाज म्हणतेस.

पुतणी : अंदाजच. म्हणून कॉम्प्रेशन बघायचं. इंजिन गरम करायचं, चारही प्लग काढायचे, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा आणि स्टार्टर मारून प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहायचा. चारही जवळपास सारखे आले तर इंजिन जिवंत आहे. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा बघायचं. आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. मिस्त्रीनं यातलं काही केलं?

काका : त्यानं सायलेन्सरमागं उभं राहून बघितलं.

पुतणी : दोन लाखांचा निर्णय आहे, काका. आणि समजा रिंगा गेल्याच असतील. तरी बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन टाकता येतात, क्रँक ग्राइंड करता येतो. महिंद्रानं हे इंजिन इतकी वर्षं बनवलंय की सामान अजून मिळतं. जे इथं मिळत नाही ते बाहेरून मागवता येतं, कारण विलीजवेडे जगभर आहेत.

काका : आणि ब्लॉकलाच तडा निघाला तर? तेव्हाही तू हरिकेनच म्हणणार?

पुतणी : आधी दुसरा हरिकेन ब्लॉक शोधीन. ज्यांनी डिझेल केलं, त्यांच्यापैकी कुणाच्या तरी शेडमध्ये जुना पडलेला असेल. तो मिळालाच नाही तर पेजो. पण मग एमएम-५४० च्या एकाच गाडीतला पूर्ण संच घ्यायचा, पुढचे पाटे आणि ब्रेक त्या वजनाला पुरतील असे करायचे, दोन्ही ॲक्सल एकाच रेशोचे ठेवायचे. आणि आरटीओत लेखी विचारल्याशिवाय एकही बोल्ट सोडायचा नाही. ते नाही म्हणाले तर रस्त्यावर काढायची नाही, फक्त शेतात वापरायची.

काका : शेतातच वापरायची तर माझ्याकडे ट्रॅक्टर आहे.

पुतणी : तेच म्हणतेय मी.

काका : ठीक. मिस्त्रीला आठवडाभर थांबायला सांगतो. कॉम्प्रेशनचा गेज तुझ्याकडे आहे का विकत आणायचा?

पुतणी : आहे माझ्याकडे. शनिवारी घेऊन येते. तोवर टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, आणि बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवा. स्टार्टर सावकाश फिरला तर आकडे खोटे येतील.